माथेरानचे 4,393 रहिवासी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माथेरानची भूरचना, इतिहास आणि वस्ती यांवरील माझ्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत. सुटीच्या एका दिवशी, मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावरच याहून अधिक माणसे दिसत असल्याने 4,393 ही लोकसंख्या मुद्रणदोष असावी; सह्याद्रीतल्या गावाला 'सुट्या डोंगरावरचे' म्हणणे चूक आहे; आणि इतिहास सांगताना मी साहेबाच्या पलीकडे गेलेलोच नाही. पहिले दोन आक्षेप मला मान्य नाहीत. तिसऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही.

डोंगराचे आधी उरकतो. भीमाशंकर-खंडाळ्याची मुख्य रांग माथेरानच्या पूर्वेला आहे आणि दोहोंच्या मध्ये उल्हास नदीचे खोरे पसरले आहे. मुख्य रांगेवरचे काही पाणी भीमेवाटे पार बंगालच्या उपसागराला जाते. माथेरानचे पूर्वेकडचे पाणी उल्हासला आणि पश्चिमेचे पनवेलकडच्या गाढी नदीला मिळते, म्हणजे दोन्ही अखेर अरबी समुद्रालाच. सुमारे 800 मीटर उंचीचा, जांभ्याचा हा माथा रांगेपासून असा वेगळा पडला आहे, एवढाच 'सुटा' या शब्दाचा अर्थ होता.

लोकसंख्येचा आकडा 2011 च्या जनगणनेचा आहे आणि तो बरोबर आहे. जनगणना माणूस जिथे राहतो तिथे त्याला मोजते, फिरायला गेला असेल तिथे नव्हे. त्यामुळे 9 ते 28 फेब्रुवारी 2011 या काळात माथेरानच्या हॉटेलांत दोन रात्री काढून परतलेला मुंबईकर मुंबईतच मोजला गेला. पर्यटकांचे सोडा, गावाचा गाडा ओढणारेही सगळे या आकड्यात नाहीत. दस्तुरीच्या पुढे मोटार जात नसल्याने सकाळी तिथे भाजीच्या गोण्या, दुधाचे कॅन आणि गॅसच्या टाक्या घोड्यांच्या पाठीवर किंवा हातगाड्यांवर चढत असतात. त्या गर्दीतल्या एका हमालाने मला सांगितले की त्याचे रेशनकार्ड पायथ्याच्या नेरळचे, मुलांची शाळा नेरळची आणि रात्रीची भाकरीही नेरळलाच. लाल मातीने त्याचे पाय घोट्यापर्यंत माखलेले होते, पण कागदोपत्री तो माथेरानचा नव्हता. उलट, जे कामगार वरच राहतात त्यांची छाया आकड्यांत स्पष्ट पडते : 2001 साली गावात 5,139 माणसे होती आणि त्यांत दर शंभरांमागे 58 पुरुष. बायकामुले गावी ठेवून आलेल्या पुरुषांखेरीज एवढ्या तफावतीचा दुसरा उलगडा मला सुचत नाही. पुढच्या दहा वर्षांत वस्ती साडेचौदा टक्क्यांनी घटली. नाव गिरिस्थान नगरपरिषदेचे असले, तरी आकाराने हे एक खेडेच आहे, आणि ते खेडे म्हणूनच पाहावे असे माझे मत आजही कायम आहे.

आता तिसरा आक्षेप. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी मे 1850 मध्ये माथेरानचा 'शोध लावला', असे मी लिहिले. ठाकूर, कातकरी आणि धनगर या डोंगरावर आधीपासून वावरत होते, आणि माथ्यावरचे रान म्हणून माथेरान ही व्युत्पत्ती सांगतात ती मराठीच आहे. मग शोध कसला? मॅलेट पायथ्याच्या चौक गावाच्या बाजूने चढून आले, नंतर परतून त्यांनी बंगला बांधला, आणि पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टन आल्यावर इथे साहेबांची रीघ लागली, इतकेच म्हणायला हवे होते. गंमत अशी की लोकसंख्या सांगताना पाहुणे वगळून रहिवासी मोजण्याचा आग्रह मीच धरला आणि इतिहासात मात्र रहिवासी वगळून पाहुणे मोजले. नेरळहून येणारी 1907 ची छोटी रेल्वे पीरभॉय पितापुत्रांनी उभारली हे तरी मी लिहिले होते. पण भाई कोतवालांचे नावही नाही, ही आपली तक्रार वाचून खरोखर ओशाळलो. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरानातच, एका नाभिक कुटुंबात जन्मले. ते वकील झाले, बेचाळीसच्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभा करून मुंबईला जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले, आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह ते पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले.

'शोध लावला' हे शब्द आज लेखातून काढले आहेत आणि कोतवालांवरचा परिच्छेद मॅलेटच्या आधी घातला आहे. कालक्रम त्यामुळे मोडतो, हे ठाऊक आहे.