फियाट विकायची नाही, पण व्हीए पाटीची घाई कशाला?

जुन्या गाड्यांवरच्या तुमच्या लेखात ५० वर्षांपुढच्या प्रत्येक गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी (जपलेल्या जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी, नव्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात ती) करून घ्या, असा सूर आहे. आम्हा सोलापूरकरांना तो जरा महागात पडेल. २०२१च्या नियमाप्रमाणे नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, ती दहा वर्षं चालते, पुढे ५,००० भरायचे. ठीक. पण ही नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणजे काकांची १९६८ची फियाट घेऊन नवी पेठेत खरेदीला किंवा सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणं बंद! गाडी खरंच चालवत असाल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरणच बरं. आणि व्हिंटेज नोंदणी केलीच तर जुना नंबर जाईल म्हणून घाबरू नका, आधी नोंदणी असलेल्या गाडीला तो ठेवता येतो.

विम्याबद्दल मात्र लेखात एकच ओळ, खरी मेख तिथंच आहे. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा, तर सक्तीचाच. पण त्यात आपल्या गाडीचा पत्रा भरून मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीचाही विमा हवा, आणि त्यात पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. एजंट भंगाराचा भाव लावून मोकळा होतो! फोटो, सुट्या भागांची बिलं, सर्व्हेअरचा मूल्यांकन अहवाल पुढं ठेवा आणि ठरलेला आकडा पॉलिसीत छापून आलाय का, ते बघूनच चेक द्या.