काकू, आज कितवी रात्र?

माझ्या मुलाला मराठी उत्तम येतं. म्हणजे बोलता येतं, भांडता येतं, आजीकडून आइस्क्रीमचे पैसे काढता येतात, फक्त वाचता येत नाही. चौथीत आहे, इंग्लिश मीडियम, आणि २०२० च्या कायद्यापासनं महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीचं झालंय त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशी आमच्या घरात पण सक्तीचंच वातावरण असतं. "प...र...व..." एवढं होईपर्यंत माझी पोळी करपते. बरं त्याची तरी काय चूक, पर्वतातला रफार बसतो "व"च्या डोक्यावर आणि उच्चारायचा मात्र "व"च्या आधी, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं असं त्याने मला विचारलं आणि मी "गप वाच" म्हणाले, कारण मलाही माहीत नाही.

माझी नणंद बी.एड. आहे. ती नाशिकला राहते आणि सल्ले फोनवर देते. तिने सांगितलं की १९८६ साली गफ आणि टनमर नावाच्या दोघांनी मांडलंय, वाचून समजणं म्हणजे अक्षरं फोडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. बेरीज नाही हं वहिनी, गुणाकार, एक बाजू शून्य असली की सगळं शून्य. तुमच्या बाळाची समजण्याची बाजू मजबूत आहे, पण त्याच्या पुस्तकातले धडे एवढे मिळमिळीत की अक्षरांशी कुस्ती खेळून शेवटी हाती काय लागतं, तर "कमल बदक बघ". मग तो कशाला खेळेल कुस्ती? त्याला ऑडिओबुक लाव, चांगली दणदणीत गोष्ट ऐकव, पण नुसतं ऐकवू नकोस, तीच गोष्ट छापील हातात दे आणि आवाजाबरोबर ओळीवर बोट फिरवायला लाव. ब्रिज कोठारींनी अहमदाबादच्या आयआयएममध्ये असताना १९९६ साली सुरुवात केली आणि तेव्हापासून हेच लावून धरलंय, टीव्हीवर गाणं लागलं की खाली त्याच भाषेत त्याचे शब्द दाखवा, डोळे आपोआप तिकडे जातात. चित्रहारवर पण करून झालंय म्हणे. आणि एकट्याला बसवू नकोस, पळेल. चार पोरं जमव, चर्चा घे.

चार पोरं जमव! मी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, "रविवारी ११ ते १२ क्लबहाऊसमध्ये मुलांसाठी गोष्ट", तर आयांनी त्यातलं फक्त "रविवारी ११ ते १२ मुलं क्लबहाऊसमध्ये" एवढंच वाचलं. अर्धी पोरं अंघोळ न करता आली. मुलांची नावं इथे लिहीत नाही, आया वाचतात, फ्लॅट नंबरवर भागवते.

पुस्तक म्हणून "श्यामची आई" घेतलं, त्याला कारणं आहेत. एक तर ते मुळातच ऐकायचं पुस्तक आहे. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना गोष्ट सांगतो आणि ते मधेमधे बोलतात, म्हणजे आमच्या क्लबहाऊसचं मॉडेल साने गुरुजींनी १९३३ सालीच नाशिकच्या तुरुंगात बसून, तेही चारपाच दिवसांत, तयार करून ठेवलेलं. दुसरं, गुरुजी १९५० साली गेले, आपल्याकडे लेखकानंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे प्रत्येक पोराला प्रकरण छापून देता आलं. कुणाच्या ऑफिसच्या प्रिंटरवर ते विचारू नका.

पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस. त्यामुळे पोरं पार्किंगमधून वर बघून ओरडतात, "काकूऽऽ, आज कितवी रात्र?" आणि मी गॅलरीतून ओरडते, "सहावी!" नवीन भाडेकरूंनी बरेच दिवस आमच्याशी ओळख केली नाही. शिवाय रात्रींचे नंबर अक्षरी, मग एकोणतिसावी म्हणजे ट्वेंटी नाईन की थर्टी नाईन यावर अर्धा तास, आणि त्यात माझा इंजिनियर नवरा चुकीच्या बाजूला.

आता ब्लूटूथ स्पीकरबद्दल. आमच्या स्पीकरला तीनशेएकच्या बाबांचा फोन फार आवडतो. मागच्या कुठल्या तरी गणपतीत एकदा जोडला होता, तेव्हापासनं त्यांचा फोन जवळून गेला की हा आमची साथ सोडून त्यांना जाऊन मिळतो. श्यामची आई डोळ्यांत पाणी आणून काहीतरी सांगतेय आणि एकदम एक जड पुरुषी आवाज, "हॅलो, माझा आवाज येतोय का सगळ्यांना?" पोरं एका सुरात "होऽऽ!" रविवारी पण यांची मीटिंग असते, ते एक वेगळंच दुःख.

मग स्पीड. बोट आवाजाच्या मागे पडतं म्हणून नणंद म्हणाली स्पीड कमी कर. पाऊणपट केला तर वाचणाऱ्या गृहस्थांचा आवाज असा काही लागला की एकशेदोनने विचारलं, "काकू, हे अंकल पिऊन आलेत का?" परत नॉर्मलवर आणला. माझं पाणी प्यायला जाणं आणि कुणीतरी तो दुप्पट करणं हे एकाच वेळी होतं, आणि दुप्पट स्पीडला श्यामची आई जी काही संस्कार करत सुटते, तेवढ्या वेगाने मलाही कधी जमले नाहीत.

चर्चेचं शास्त्र पण आहे. १९८४ साली पालिंकसर आणि ब्राउन या दोघींनी एक पद्धत काढली, मुलांनी पुढे काय होईल ते ओळखायचं, प्रश्न विचारायचे, अडलेलं सोडवायचं आणि थोडक्यात सांगायचं, आणि शिक्षकाने हळूहळू बाजूला व्हायचं. मी पोरांना नोकऱ्याच वाटल्या. भविष्यवाला, प्रश्नवाली, अडलंवाला, थोडक्यातवाली. प्रश्नवालीला एकच प्रश्न पडतो, "अजून किती राहिलंय?" थोडक्यातवाली, म्हणजे सहाशेतीन, हिचं थोडक्यात मूळ रात्रीपेक्षा लांब असतं आणि त्यात तिच्या मामाचं लग्न पण येतं. भविष्यवाला सुरुवातीला दर वेळी "आता भूत येणार" म्हणायचा. पण आमच्या सासूबाई "मी नुसती कोपऱ्यात बसते गं" म्हणून येऊन बसतात आणि दर रात्री रडतात, हे त्या पोराच्या लक्षात आलं. आता तो म्हणतो, "आता आजी रडणार." अजून एकदाही चुकला नाही. आणि हळूहळू बाजूला होण्याचं म्हणाल तर, मी बाजूला झाले की ते टेबल टेनिसच्या टेबलावर चढतात.

हे सगळं असं रखडत चाललेलं असताना "थोर अश्रू" लागलं. श्यामची अंघोळ झालीय, तळवे ओले आहेत, त्यांना माती लागायला नको म्हणून तो आईला काहीतरी पसरायला सांगतो आणि त्याच्यावर पाय देऊन उडी मारतो. ऐकून झालं. सातशेचार म्हणाला, आईने टॉवेल टाकला. चारशेदोन म्हणाली, टॉवेल नाही, स्वतःची साडी. सातशेचार म्हणाला, वेडी आहेस का, साडी कोण टाकतं जमिनीवर? मग दोन पार्ट्या पडल्या. आमचे चिरंजीव साडी पार्टीत, का तर सातशेचारने त्याची क्रिकेटची बॅट परत केली नव्हती. मी नणंदेचं ऐकून गप्प बसले होते, फक्त एवढंच म्हणाले की कागदावर बघा की.

"पुरावा दाखव!" सातशेचार ओरडला.

आणि आमचा मुलगा, जो रफार दिसला की पोट दुखतं म्हणतो, कागदावर पालथा पडला. बोट ठेवून ओळीमागून ओळ. "धों... धोंड... धोंड्या..." इथे मी तोंडावर हात ठेवला, नाहीतर सवयीने "धोंड्यावर" म्हणून मोकळी झाले असते. "धोंड्यावर! धोंड्यावर म्हणजे दगडावर ना? आणि इथे लिहिलंय ओ... चे. ओचे!" टॉवेल कुठेच नव्हता. सातशेचार लगेच म्हणाला, ओचे म्हणजेच टॉवेल, जुन्या काळचा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे पुसले, उठल्या, आणि नऊवारीचा ओचा कसा खोचतात ते माझ्या ओढणीवर करून दाखवलं. साडी पार्टीने टेबल टेनिसच्या टेबलावर चढून विजय साजरा केला.

तेव्हापासनं आमच्याकडे चर्चा होत नाही, खटले चालतात. नणंदेला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली हेच हवंय, ऐकल्याने गोष्ट कळते, भांडणाने कागद उघडतो. तिला काय जातंय म्हणायला, घसा माझा बसतो. पण खरं सांगू, मुद्दाम वाचायला बसवल्यावर जेवढं वाचून झालं नसेल तेवढं या पोरांनी एकमेकांना खोटं पाडायला वाचलंय. घरातसुद्धा सुरू आहे. बिस्किटाच्या पुड्यावर, औषधाच्या बाटलीवर, लाइटबिलावर बोट फिरवून झालं. "आई, तू म्हणालीस बिल परवापर्यंत भरायचंय, इथे कालची तारीख आहे." जाऊ दे.

एकाच गृहस्थांना याचा त्रास झाला, आमचे सेक्रेटरी काका. आवाज फार होतो म्हणून त्यांनी लिफ्टशेजारी नोटीस लावली, सुवाच्य मराठीत, "क्लबहाऊसमध्ये लहान मुलांना खेळण्यास सक्त मनाई आहे." पुढच्या रविवारी सगळी पोरं नोटिशीसमोर. सक्तमधल्या जोडाक्षरावर थोडी खटपट झाली, पण फोडलं. मग चारशेदोनने काकांची बेल वाजवली आणि सांगितलं की काका, "खेळण्यास" लिहिलंय, आम्ही ऐकतो. पुरावा म्हणून सातशेचारने नोटीस बोर्डवरून काढूनच आणली होती. आणि आमच्या चिरंजिवांनी वर विचारलं, "यात सही कुठाय?"

काका आता नोटीस लावत नाहीत. ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकतात. पोरं तो दुप्पट स्पीडवर लावतात.