‘स्वभावचित्रण करा’ या प्रश्नाविषयी

माझी भाची अकरावीत आहे आणि तिला यंदा शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ अभ्यासाला आहे. गेल्या महिन्यात तिने स्वभावचित्रणाचे एक उत्तर मला तपासायला दिले. उत्तर सव्वा पानाचे होते आणि अक्षर सुरेख होते. पहिल्या परिच्छेदात मॅकबेथ शूर होता, दुसऱ्यात महत्त्वाकांक्षी, तिसऱ्यात अंधश्रद्धाळू आणि चौथ्यात क्रूर. शेवटी ‘अति महत्त्वाकांक्षा माणसाचा नाश करते, हा बोध या नाटकातून मिळतो’ असे वाक्य होते. प्रत्येक विशेषणाखाली पट्टीने रेघ मारलेली होती. उत्तरात चूक अशी काहीच नव्हती. मी तिला विचारले, “यातला एखादा तरी प्रसंग तुझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो का?” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मावशी, प्रसंग लिहीत बसलं की उत्तर लांबतं. मुद्दे आले पाहिजेत.”

मला तिचा राग आला नाही, कारण तिच्या वयाची असताना मीही हेच करत होते. ‘श्यामची आई’वर आलेल्या प्रश्नाला मी प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी आणि संस्कारी अशी चार विशेषणे लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पाठ्यपुस्तकातल्या दुसऱ्या कोणत्याही आईलाही ती तितकीच चालली असती, हे तेव्हा लक्षात आले नाही. खरे तर मला एक प्रश्न पडला होता आणि तो मी वर्गात विचारलाही होता. श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो, तेव्हा हीच प्रेमळ आई त्याला मारत मारत घराबाहेर काढते. मग तिला प्रेमळ कसे म्हणायचे? त्यावर मला सांगण्यात आले की हा प्रश्न परीक्षेत येत नाही. मी खाली बसले, आणि नंतरची कित्येक वर्षे पुस्तकांविषयीचे असले प्रश्न मनातल्या मनातच ठेवले.

आज मला ठामपणे वाटते की तोच प्रश्न त्या व्यक्तिरेखेत शिरण्याचे दार होता. आई श्यामला मारते, कारण लोकांनी त्याला भित्रा म्हणावे हे तिला सहन होत नाही. आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिच्याच डोळ्यांत पाणी येते. मारणारा हात आणि भरून येणारे डोळे एकाच बाईचे आहेत. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय ती बाई कळत नाही आणि ‘प्रेमळ’ या शब्दाला तर त्यांतली एकच पेलते. शिवाय ही आई आपल्याला थेट भेटतच नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले आणि त्याची रचना अशी केली की मोठा झालेला श्याम आपल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्री गोष्टी सांगतो आहे. आई तोवर गेलेली आहे. म्हणजे आपण पाहतो ती आई एका मुलाच्या आठवणीतली आहे, कृतज्ञतेने आणि अपराधीपणाने उजळलेली. सांगणारा कोण आहे, तो कधी सांगतो आहे आणि कोणाला सांगतो आहे, हे विचारल्याबरोबर पुस्तकाचा पोतच बदलतो. शाळेच्या सगळ्या वर्षांत हा प्रश्न मला एकदाही कोणी विचारला नाही.

भाचीबरोबर मी ‘मॅकबेथ’ पुन्हा वाचायला घेतले तेव्हा एकच नियम केला. नाटक संपेपर्यंत कोणालाही विशेषण लावायचे नाही. पात्र काय करते, काय बोलते आणि त्या दोहोंत अंतर कुठे पडते, एवढेच वहीत टिपायचे.

पहिल्याच आठवड्यात एक जागा सापडली. स्कॉटलंडच्या डंकन राजाचा खून करायच्या आधी त्याचा सेनापती मॅकबेथ एकटा असताना स्वतःशी हिशेब मांडतो. राजा माझा नातलग आहे, मी त्याचा प्रजाजन आहे आणि आज तो माझ्या घरी पाहुणा आहे. दाराआडून येणाऱ्या मारेकऱ्याला मी अडवायचे, तर सुरा मीच कसा उचलू? राजा चांगला आहे, हेही तो कबूल करतो. आपल्याला पुढे ढकलणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे नुसती महत्त्वाकांक्षा, हेसुद्धा तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. भाची तिथे थांबली आणि म्हणाली, “मग मी उत्तरात जे लिहिलं ते त्याला आधीच माहीत होतं!” अगदी खरे. आपण ज्याला स्वभावचित्रण म्हणतो ते मॅकबेथने पहिल्या अंकातच उरकलेले आहे. वाचकाचे काम त्यानंतर सुरू होते. स्वतःला इतके लख्ख ओळखणारा माणूस तरीही ते कृत्य का करतो? पत्नीला तो ‘आता पुढे जायचे नाही’ असे स्पष्ट सांगतो आणि तोच प्रवेश संपायच्या आत तयार होतो. मधल्या मोजक्या ओळींत काय घडते ते पाहायला हवे. ती त्याला राज्याची लालूच दाखवत नाही. ती त्याच्या पुरुषपणावर बोट ठेवते.

इथून आम्ही एका शब्दाच्या मागे लागलो. मूळ इंग्रजीतला ‘मॅन’ हा शब्द या नाटकात कुठे कुठे येतो, ते पेन्सिलने खुणा करत गेलो. ‘माणसाला शोभेल ते सगळे करायला मी धजतो, त्याहून अधिक धजणारा माणूसच नव्हे,’ असे मॅकबेथ पत्नीला सांगतो. त्यावर तिचे उत्तर असे की तू हे करायला धजला होतास, तेव्हाच तू पुरुष होतास. पुढे आपला सहकारी सेनापती बँको याला मारण्यासाठी मारेकरी बोलावल्यावर मॅकबेथ तिचेच शस्त्र त्यांच्यावर चालवतो. ‘आम्ही माणसे आहोत, महाराज,’ असे ते म्हणताच तो उत्तरतो की यादीत तुमची गणना माणसांत होते खरी, जशी शिकारी कुत्र्यापासून भटक्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांची गणना कुत्र्यांतच होते. मेजवानीत बँकोचे भूत दिसून तो भेदरतो, तेव्हा पत्नी पुन्हा विचारते, ‘तू पुरुष आहेस ना?’ भूत नाहीसे झाल्यावर तो म्हणतो, आता मी पुन्हा पुरुष झालो.

आणि मग चौथ्या अंकात मॅकडफ या सरदाराला बातमी मिळते की मॅकबेथने त्याची बायको आणि मुले मारून टाकली आहेत. जवळ उभा असलेला डंकनचा मुलगा माल्कम त्याला म्हणतो की हे पुरुषासारखे झेल. मॅकडफ म्हणतो, झेलेन. पण मला ते माणसासारखे भोगलेही पाहिजे. मूळ इंग्रजीत दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. मराठीत आणताना मात्र हात थबकतो, कारण आपल्याकडे ‘मर्द’ वेगळा, ‘पुरुष’ वेगळा आणि ‘माणूस’ वेगळा. माल्कमच्या तोंडी ‘मर्द’ शोभतो आणि मॅकडफच्या तोंडी ‘माणूस’च हवा. वरच्या ओळी उतरवताना मी स्वतः दर वेळी कोणता शब्द घ्यावा याचा विचार करत होते, आणि त्या निवडीतच नाटकाचा अर्थ लावला जात होता. मराठी वाचकाला ही एक मोठी सोय आहे, असे मला वाटते. आपली भाषा आपल्याला तो भेद लपवू देत नाही. मर्द म्हणजे काय याचा लेडी मॅकबेथने लावलेला अर्थ चार अंक राज्य करतो आणि मॅकडफ दोन ओळींत तो उलथवून टाकतो.

नाटकाचा आशयविषय मला इथे दिसतो. आशयविषयाला आपण फार सहजपणे ‘बोध’ करून टाकतो. बोध एका वाक्यात मावतो आणि तो मिळाला की पुस्तक मिटता येते. महत्त्वाकांक्षा वाईट, एवढेच सांगायचे असते तर पाच अंकांची गरज नव्हती. शिवाय ते खरेही नाही, कारण मॅकबेथ राजा होईल ही माळरानावरच्या चेटकिणींची भविष्यवाणी बँकोनेही ऐकलेली असते, त्याचे वंशज राजे होतील असे त्यालाही सांगितलेले असते, त्याच्याही मनात आशा जागलेली असते, आणि तरीही तो कोणाचा खून करत नाही. आशयविषय म्हणजे लेखकाने सोडून न दिलेला प्रश्न, जो तो निरनिराळ्या माणसांच्या तोंडून पुन्हा पुन्हा विचारत राहतो. तो शोधायचा असेल तर परत परत येणाऱ्या शब्दाच्या, वस्तूच्या, कृतीच्या मागे जावे. या नाटकात ‘मॅन’च्या मागे जाता येते, रक्ताच्या मागे जाता येते, झोपेच्या मागे जाता येते. वाट कोणतीही घेतली तरी वाटेत पुरावा सापडत जातो, आणि पुराव्यानिशी केलेले विधान हे आपले स्वतःचे असते.

बँकोचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट सांगते, कारण व्यक्तिरेखा घडवली जाते म्हणजे काय, हे तिच्याइतके चांगले मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही. इतिहासातल्या मॅकबेथने स्कॉटलंडवर १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षे राज्य केले आणि डंकन झोपेत नाही, लढाईत मारला गेला. शेक्सपिअरने हे कथानक हॉलिन्शेड या इंग्रज इतिहासकाराच्या ग्रंथातून उचलले. त्या ग्रंथात डंकन मवाळ आणि दुबळा राजा आहे, मॅकबेथ सुरुवातीची दहा वर्षे चांगले राज्य करतो आणि बँको कटात सामील आहे. शेक्सपिअरने ही दहा वर्षे पुसून टाकली, डंकनला सज्जन केले आणि बँकोला कटातून बाहेर काढले. याचे एक कारण उघडच राजकीय होते. १६०३ साली इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स राजा स्वतःला बँकोचा वंशज मानत असे, आणि राजाच्या पूर्वजाला खुनी दाखवणे परवडणारे नव्हते. पण या बदलाने नाटकात काय साधले ते पाहा. बँको निर्दोष झाल्यावर मॅकबेथला सबब उरली नाही. तीच माळरानावरची भेट, त्याच चेटकिणी, तसेच आमिष, आणि दोन माणसे दोन दिशांना गेली. लेखक दोन पात्रे शेजारी उभी करतो तेव्हा त्यांना एकमेकांवरून वाचावे, हे मी या एका बदलावरून शिकले. भाचीच्या मार्गदर्शक पुस्तकात बँकोवर स्वतंत्र टिपण आहे आणि मॅकबेथवरही आहे, पण दोघांना एकत्र पाहणारे एक वाक्यही नाही.

शिक्षकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. भरलेला वर्ग, संपवायचा अभ्यासक्रम आणि ठरलेली गुणांची विभागणी यांत एका ओळीवर अर्धा तास घालवणे किती कठीण आहे, हे मला कळते. तरीही ठरीव उत्तरे पाठ करवून घेण्याची सवय ही निरुपद्रवी गोष्ट आहे असे मला वाटत नाही. सोळा वर्षांचे मूल पुस्तकातल्या माणसाला चार विशेषणांत बसवायला शिकते, आणि तीच घाई ते पुढे जिवंत माणसांच्या बाबतीत करते. दुष्ट, भोळा, स्वार्थी, असे एकदा नाव दिले की त्या माणसाकडे पुन्हा पाहायचे कारणच उरत नाही. परीक्षेतही विशेषण लिहूच नये असे माझे म्हणणे नाही. ते शेवटी यावे, आणि यायच्या आधी त्याला एखाद्या प्रसंगाने अडवलेले असावे.

लेडी मॅकबेथचेच बघा. मार्गदर्शक पुस्तकांत ती ‘पाषाणहृदयी’ असते. डंकन झोपलेला असताना ती सुरे तयार ठेवून येते आणि मग म्हणते की झोपेत तो माझ्या वडिलांसारखा दिसला नसता, तर मीच त्याला मारले असते. पाषाणाला वडील आठवत नाहीत. ‘थोडेसे पाणी घेतले की हे कृत्य धुऊन निघेल’ असे नवऱ्याला सांगणारी ही बाई पाचव्या अंकात झोपेत चालत येते आणि नसलेला डाग हातावरून पुसत राहते. मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडलेली असते, जी सहसा निसटते. डंकनचा खून दोघांनी मिळून केला, पण बँकोला मारायचे ठरवताना मॅकबेथ तिला काही सांगत नाही. तुला ठाऊक नसलेलेच बरे, असे लाडाने म्हणून विषय टाळतो. तिचा एकटेपणा त्या लाडिक वाक्यापासून सुरू होतो असे माझे मत आहे, आणि पाचव्या अंकातली बाई समजायची असेल तर तिसऱ्या अंकातले ते वाक्य विसरून चालत नाही.

झोपेत चालण्याचा तो प्रवेश मी आजवर किती वेळा वाचला असेल याची गणती नाही, पण माझे लक्ष दर वेळी तिच्या हातांवरच असे. परवा भाचीने तो मोठ्याने वाचला आणि मध्येच थांबली. डाग पुसता पुसता लेडी मॅकबेथ एक ओळ पुटपुटते, की फाइफच्या सरदाराला बायको होती, ती आता कुठे आहे? फाइफचा सरदार म्हणजे मॅकडफ. भाचीने मागची पाने उलटली, वहीतली टिपणे पाहिली आणि मला म्हणाली, “मावशी, मॅकडफच्या घरावर मारेकरी पाठवायचं त्यानं ठरवलं, तेव्हा ती तिथे नव्हतीच. मग हिला हे कोणी सांगितलं?”

मी नाटक पुन्हा चाळले. तिला कोणी सांगितल्याचा प्रवेश नाटकात नाही. भाचीने तो प्रश्न वहीत तसाच लिहून ठेवला आहे आणि त्याच्याखाली अर्धे पान कोरे सोडले आहे.