बसल्या जागी बारीक व्हा

वजन कमी करायला चालणं, पळणं, रात्रीचा भात सोडणं हे सगळे हौस नसलेल्या माणसांचे धंदे. तुमच्या मनगटावर कॅलरी मोजणारं घड्याळ आहे, खिशात कार्ड आहे आणि वर्षानुवर्षांच्या शितकडीने, म्हणजे भात-आमटीने, जोपासलेलं पोट आहे. तुम्ही सौनात बसा. पणजीपासून कळंगुटपर्यंत मोठ्या हॉटेलांत आणि बऱ्यापैकी जिममध्ये आता ती तापवलेली लाकडी खोली असते. आत एक बाक असतो. त्या बाकावर बसायचं असतं. झालं! शवासनालासुद्धा आडवं व्हावं लागतं. इथे तेवढेही कष्ट नाहीत.

गोव्यात राहून घाम काढायला पैसे कशाला मोजायचे, असली कोती शंका मनात आणू नका. मे महिन्यात इथे पारा ३३-३४ अंशांच्या घरात असतो, पण हवा इतकी दमट की घाम वाळायचं नाव घेत नाही, नुसता पाठीवरून ओघळतो. शुक्रवारी दुपारी म्हापशाच्या बाजारात सुक्या मिरच्या आणि सोलांच्या राशींमधून एक फेरी मारली, किंवा लग्नसराईत मांडवाखाली जरीकाठी सोवळं नेसून मुहूर्ताची वाट बघत उभं राहिलं, तर सदरा पिळून बादलीभर पाणी निघेल. पण त्या घामाला इज्जत आहे का? पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी करून दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या बाईने कितीही घाम गाळला तरी तिला 'वेलनेस' लाभलं असं कुणी म्हणत नाही. घामाला पावती लागते.

आता कृती. आत शिरण्याआधी वजन करा. बाहेर आलात की, कुणी पाण्याचा ग्लास पुढे करायच्या आत, पुन्हा काट्यावर उभे राहा. एका बैठकीत पाव किलो, थोडी विश्रांती घेऊन दुसऱ्यांदा बसलात तर अर्धा किलोही उतरलेला दिसेल. ताबडतोब काट्याचा फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका. घाई अशासाठी की हा अर्धा किलो कायमचा गेलेला नसतो. अर्धा लिटर पाणी प्यायलात की तो मूळ जागी हजर. अंग पुसलेला टॉवेल मात्र चुकूनही काट्यावर ठेवू नका. तुम्ही 'जाळलेली चरबी' त्यात ओलीचिंब सापडेल.

हिशेबाची आवड असेल तर हा भाग वाचा, नसेल तर सोडून द्या. सोडून दिलात तर जास्त सुखी राहाल. माणूस नुसता बसला तरी त्याचं शरीर किलोमागे तासाला साधारण एक किलोकॅलरी खर्च करतं. तुम्ही ७० किलोंचे असाल तर वीस मिनिटांच्या एका बैठकीत २३-२४. एवढ्या तुम्ही घरच्या बाल्कांवात बसून पेपर वाचतानाही जाळल्या असत्या. सौनात हृदय जोरात धडधडतं, शरीराचा खर्च थोडा वाढतो. आपण हात सैल सोडू आणि दीडपट धरू: ३५-३६. म्हणजे त्या लाकडी खोलीची स्वतःची कमाई १२ किलोकॅलरी. भाजलेल्या एका काजूगरात ९ च्या आसपास असतात. सव्वा काजू! आणि गोव्यातली आतिथ्याची रीत अशी की स्वागतकक्षात टेबलावर वाटीभर खारे काजू ठेवलेलेच असतात. निघताना पहिला उचललात तर चालेल. दुसरा उचललात की तुमचं खातं कर्जात.

निराश होऊ नका. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. रोज १२ प्रमाणे ती संपवायला ६४० बैठका लागतील, म्हणजे एकही दिवस न चुकवता पावणेदोन वर्षं. मधे चतुर्थी येईल, नाताळ येईल, निदान एक शिमगा तर येईलच. तुम्ही फक्त बाहेर पडल्यावर शहाळं पिऊ नका. एका शहाळ्याच्या पाण्यात पन्नासेक किलोकॅलरी सहज असतात, म्हणजे चार दिवसांची तपश्चर्या एका स्ट्रॉने ओढून घेतलीत.

"पण मला तर एका बैठकीत ३०० कॅलरी जळतात असं सांगितलं होतं!" बरोबरच सांगितलं. हा आकडा काढण्याची एक नामी युक्ती आहे. एक लिटर घाम अंगावरून वाफ होऊन जायला ५८० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता लागते. अर्धा लिटर घाम, म्हणजे २९०, विक्रीसाठी ३००. गणित चोख आहे. फक्त ती उष्णता कुणाची, हे विचारायचं नाही. खोली ८०-९० अंशांवर, तुम्ही ३७ अंशांवर. उष्णता खोलीतून तुमच्या अंगात घुसते आणि शरीर बिचारं घाम फोडून ती बाहेर हाकलतं. ज्या कॅलरी वाफ होऊन गेल्या त्या तुमच्या पोटाच्या नव्हेत, कोपऱ्यातल्या दगडांखालच्या हीटरच्या. सहा किलोवॅटचा हीटर पूर्ण ताकदीने चालला तर वीस मिनिटांत दोन युनिटं वीज खातो. दोन युनिटं म्हणजे १,७२० किलोकॅलरी! त्या खोलीत खरा व्यायाम कुणी करत असेल तर तो हीटर. त्याचं पोट सुटलेलं कधी पाहिलंत?

घड्याळावर मात्र पूर्ण विश्वास ठेवा. ते मनगटातून नाडी मोजतं आणि नाडी वाढली की मालक धावतोय असं समजून कॅलरीचा आकडा वाढवत नेतं. सौनात नाडी शंभरावर, काहींची दीडशेपर्यंतही जाते, कारण अंग थंड करायला रक्त कातडीकडे पाठवायची हृदयाची धावपळ चाललेली असते. पायांचे स्नायू तेव्हा ढिम्म बसलेले असतात. घड्याळाला पाय दिसत नाहीत. ते तुमचं अभिनंदन करतं, फटाके उडवतं. बरोबर बसलेल्यांना दाखवा.

बरोबर बसलेले हा तर या साधनेचा गाभा. कमरेला पंचा, कपाळावरून धारा, आणि चेहऱ्यावर आपण काहीतरी अवघड करतोय असा भाव. फोंड्याचे एक गृहस्थ मला तिथेच भेटले. त्यांनी बाकावर जागा करून दिली आणि म्हणाले, "पात्रांव, दोन किलो उतरलं माझं."

"वा! कधी?"

"गेल्या महिन्यात."

"मग आता किती आहे?"

"आता परत तेवढंच आहे. पण उतरलं होतं."

या माणसापुढे विज्ञानाने हात जोडावेत. तुम्हीही हीच भाषा शिका.

सौना परवडत नसेल तर स्टीम रूम घ्या. तिथे उष्णता कमी, चाळीस-पंचेचाळीस अंश, पण वाफ गच्च. बसल्या बसल्या अंगभर पाणी निथळायला लागतं आणि माणूस हरखून जातो. त्यातलं बरंचसं पाणी तुमचं नसतंच. तुमची कातडी त्या वाफेपेक्षा थंड, म्हणून खोलीतली वाफच तुमच्यावर येऊन थिजते. दुसऱ्याचा घाम आपल्या नावावर खपवण्याची अशी सोय समाजात इतरत्रही आहे, पण इतक्या स्वच्छ टॉवेलसकट नाही.

या विद्येत गोवा मागासलेला आहे असं मात्र कुणी समजू नये. मार्च ते मे काजूच्या हंगामात सत्तरीत किंवा पेडण्यात एखाद्या दारूच्या भट्टीवर जाऊन या. बोंडू तुडवून काढलेला रस आंबवून भाणात, म्हणजे दारू गाळायच्या मोठ्या भांड्यात, घातलेला असतो, खाली लाकडं धडधडत असतात, माडाच्या झावळ्यांच्या छपराखाली धूर कोंडलेला. भट्टीवाला उकिडवा बसून जाळ मागेपुढे करतो, मधेच उठून लवणीवर, म्हणजे वाफ जमते त्या मडक्यावर, गार पाणी ओततो की आतली वाफ निवून उराक, म्हणजे काजूच्या दारूची पहिली धार, ठिबकायला लागतं. खांद्यावरचं फडकं दर दहा मिनिटांनी पिळावं लागतं. मी पाहिलेल्या भट्टीवाल्याचं पोट त्याच्या भाणाइतकंच गोल होतं, आणि ते कधी काळी आगीने कमी होईल असा त्याचाही समज नव्हता. दुपारी त्याने काय केलं असेल? वाडगाभर पेज घेतली, मीठ घालून, वर तोंडी लावायला खारातली कैरी. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं, ते परत घेतलं. इतकं साधं. तुम्ही मात्र असलं गावंढळ काही करू नका. तुम्हाला उंच ग्लासात काकडीच्या दोन चकत्या घातलेलं पाणी मिळेल, ते 'डिटॉक्स' आहे. घामात नव्याण्णव टक्के पाणीच असतं आणि विषं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं पगाराशिवाय करतात, ही माहिती ग्लासाच्या किमतीत धरलेली नसते.

कुणी फिनलंडचं उदाहरण देईल. जरूर ऐका. ५५ लाख वस्तीचा देश, आणि सौना तीसेक लाख. घरात, तळ्याकाठी, ऑफिसात. २०२० साली युनेस्कोने त्यांच्या सौना परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बाकावर बसून चरबी वितळत असती तर तो देश काडीपैलवानांचा असता. प्रत्यक्षात तिथल्या निम्म्याहून जास्त प्रौढांचं वजन प्रमाणाबाहेर आहे. त्याचं त्यांना सौनाशी देणंघेणं नाही, कारण ते तिथे बारीक व्हायला जातच नाहीत. दिवसभराचा शीण घालवायला जातात, घरच्या माणसांबरोबर गप्प बसायला जातात. तिथल्याच कुओपियो भागातल्या २,३०० हून अधिक मध्यमवयीन पुरुषांवर वीसेक वर्षं नजर ठेवून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. कारण सौनाच, की मुळात धडधाकट माणसंच रोज सौनाला जातात, ते त्यावरून ठरत नाही. पण गोष्ट दखल घेण्यासारखी आहे. दुर्दैवाने त्यात ढेरीबद्दल काहीच नाही. तेव्हा हा अभ्यास आपल्या उपयोगाचा नाही.

घामाने वजन उतरतं हे खोटं आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. कुस्तीगिरांना विचारा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात पहिल्या दिवशीच्या वजनात बसली, अंतिम फेरीत पोचली. लढतींच्या मधे जे खाल्लं-प्यायलं त्याने उतरवलेलं वजन परत आलं. रात्रभर जागून, धावून, घाम काढूनही दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. जगातली उत्तम माणसं मदतीला असताना शरीराने पाणी सोडायला नकार दिला. १९९७ साली अमेरिकेत तर तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर साधारण महिन्याभरात दगावले. वजनात बसण्यासाठी रबरी सूट घालून, पाणी तोडून, गरम खोल्यांत व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत सौना आणि रबरी सूट दोन्हींवर बंदी आली. तेच सूट आपल्याकडे 'फॅट बर्नर' म्हणून विकायला आहेत, आणि पणजीत मिरामारच्या फुटपाथवर सकाळी ते घालून कुरकुरत जाणारे काका तुम्ही पाहिलेही असतील. एवढे एक काका सोडून बाकी कुणाची थट्टा करा. त्यांना थांबवून पाणी द्या.

आणि उराकच्या दिवसांत दोन ग्लास मारून सौनात शिरायची कल्पना मित्रांपैकी कुणालातरी सुचतेच. त्या मित्राला आधी सांगा: दारू पाणी ओढते, घाम पाणी ओढतो, रक्तदाब खाली येतो, आणि झोप लागली तर ९० अंशांत उठवायला कुणी नसतं. या एका बाबतीत मी उपरोधाने बोलत नाहीये. रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांकडे जावं. तिथेही बसायलाच मिळतं.

बाकी कुणी नतद्रष्ट तुम्हाला पणजीच्या चर्चच्या बाजूने आल्तिनो टेकडीची चढण चढायला सांगेल. सपाटीवर वीस मिनिटं भराभर चालण्यात ७० किलोंचा माणूस ८० किलोकॅलरींच्या आसपास खर्च करतो, चढणीला त्याहून जास्त, आणि त्याची वर्गणी नाही. ऐकू नका. एक धोका मात्र खरा आहे, तो आधीच सांगून ठेवतो. शनिवारी संध्याकाळी पार्किंग मिळत नाही. गाडी लांब लावून पाच मिनिटं चालत यावं लागलं, तर सौनात जेवढ्या जादा जळायच्या त्याहून थोड्या जास्तच कॅलरी वाटेत जळतील, परत जाताना पुन्हा तेवढ्याच, आणि तुमच्या वर्गणीचा सगळा हिशेब बिघडेल. तेव्हा निघण्याआधी फोन करा आणि दारातलीच जागा धरून ठेवायला सांगा.