नळी गाठीपर्यंत पोचली म्हणजे निदान झालं असं नव्हे

फुफ्फुसात गाठ सापडली की घरच्यांच्या मोबाइलवर हमखास येऊन पडणारा एक मजकूर आहे. विषय रोबोटिक ब्रॉन्कोस्कोपीचा, म्हणजे यंत्राच्या मदतीने श्वासनलिकेतून बारीक नळी गाठीपर्यंत नेऊन तिचा तुकडा तपासायला काढण्याचा (बायोप्सीचा). तो थोडक्यात असा: ‘आता छातीत सुई खुपसायची गरज नाही. रोबो स्वतःच गाठीपर्यंत जातो आणि ९९ टक्के अचूक निदान करतो. धोका शून्य. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही आला तर निश्चिंत व्हा. गाठ कितीही बारीक असो, लगेच करून घ्या.’ यात सुईबद्दलचं वाक्य निम्मं खरं आहे. बाकीच्यांबद्दल तेवढंही म्हणता येत नाही.

‘रोबो स्वतः जातो.’ नाही. नळी डॉक्टरच चालवतात, हातातल्या कंट्रोलवरून. यंत्र आधीच्या सीटी स्कॅनवरून श्वासनलिकांचा नकाशा तयार करतं, साध्या ब्रॉन्कोस्कोपला (श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीला) न जमणाऱ्या बारीक फांद्यांत नळी वळवू देतं आणि ती जिथे नेली तिथे स्थिर धरून ठेवतं. हे शेवटचं काम खरोखर मोलाचं आहे. अशी दोन यंत्रं आहेत: मोनार्क हे अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या संस्थेने) २०१८ मध्ये मंजूर केलं, आयन २०१९ मध्ये. आयनची नळी जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीची आहे.

‘९९ टक्के अचूक.’ हा आकडा कुठून आला असावा, याचा अंदाज करता येतो. आयनवरच्या एका गाजलेल्या अभ्यासात १३१ रुग्णांच्या १५९ गाठी होत्या. नळी ठरल्या जागी पोचली ९८.७ टक्के वेळा. निदान हाती लागलं ८१.७ टक्के वेळा. मोनार्कच्या ‘बेनिफिट’ चाचणीतही तीच तऱ्हा: नळीतून घातलेल्या अल्ट्रासाउंडवर गाठ सापडल्याचं प्रमाण ९६.२ टक्के, निदान मात्र ५४ पैकी ४० जणांत, म्हणजे सुमारे ७४ टक्के. जाहिरातीला पहिला आकडा सोयीचा. रुग्णाला कामाचा दुसरा.

मधली तफावत यंत्राच्या नालायकीमुळे पडत नाही. नकाशा ज्या सीटीवरून बनतो तो जागेपणी, खोल श्वास रोखून काढलेला असतो. प्रत्यक्ष तपासणी होते भूल देऊन, व्हेंटिलेटरवर. फुफ्फुस तेव्हा तितकं फुगलेलं नसतं, खालचे भाग मिटतात आणि गाठ नकाशातल्या जागेवरून सरकते. पडद्यावर ‘पोचलो’ असं दिसतं, सुई मात्र शेजारून जाते. त्यात भर म्हणजे मिटलेलं फुफ्फुस अल्ट्रासाउंडवर गाठीसारखंच दिसू शकतं. म्हणून अनेक ठिकाणी तिथल्या तिथे कोन-बीम सीटी काढून सुई गाठीतच आहे ना, हे बघतात. गाठ श्वासनलिकेच्या मार्गात नसून बाजूला चिकटलेली असेल तर हे आणखी अवघड होतं.

शिवाय ‘निदान झालं’ हे मोजायचं कसं, यावरही बरंच अवलंबून असतं. बायोप्सीत नुसता ‘अविशिष्ट दाह’ (ठोस कारण न सांगणारी सूज) आला आणि वर्षभर गाठ वाढली नाही, तर काही अभ्यास ते यश धरतात, काही धरत नाहीत. त्याच रुग्णांवर, त्याच यंत्राने टक्का वर-खाली होतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या छातीविकारतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी कडक व्याख्या सुचवली ती याचसाठी. त्याआधीचे टक्के एकमेकांशेजारी मांडून ‘अमुक यंत्र सरस’ म्हणणाऱ्यांकडे मी तरी दुर्लक्ष करतो.

‘सुईची गरज नाही.’ निम्मं खरं आहे ते हे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेरिटास’ चाचणीत १० ते ३० मिलिमीटरच्या गाठी असलेल्या रुग्णांची चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी केली: काहींची नॅव्हिगेशन ब्रॉन्कोस्कोपी (नकाशाच्या आधाराने श्वासमार्गातून नळी नेऊन), काहींची सीटी बघत छातीतून सुईने बायोप्सी. अचूकता ७९ विरुद्ध ७३.६ टक्के निघाली. म्हणजे ब्रॉन्कोस्कोपी सुईपेक्षा कमी पडत नाही. त्यापुढचा दावा ही चाचणी करत नाही. फुफ्फुसाभोवती हवा साठण्याचं प्रमाण मात्र ३.३ विरुद्ध २८.३ टक्के होतं. फरक असा ठळक आहे की वाद घालायला जागा उरत नाही.

पण या चाचणीचा प्रश्न ‘श्वासमार्गाने की छातीतून’ हा होता, ‘रोबो की बिनरोबो’ हा नव्हता. तो प्रश्न ‘रिलायंट’ चाचणीने घेतला. तिच्यात ४०० हून अधिक रुग्ण होते. एकीकडे रोबो, दुसरीकडे बिनरोबोची पद्धत: चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने नळीची जागा ओळखणारं विद्युतचुंबकीय नॅव्हिगेशन, त्याला टोमोसिंथेसिसची (वेगवेगळ्या कोनांतून काढलेल्या एक्स-रेंची) जोड. निदानाच्या बाबतीत रोबो कमी पडला नाही, सरसही ठरला नाही. तेव्हा सुरक्षिततेचं श्रेय फुफ्फुसाचं आवरण न टोचण्याला जातं. जाहिरातीत फोटो रोबोचा असतो, एवढंच.

‘धोका शून्य’वर फार शाई खर्चायला नको. हवा साठणं कमी झालं आहे, संपलेलं नाही. रक्तस्राव होऊ शकतो आणि पूर्ण भुलेचे धोके वेगळेच.

शेवटचं वाक्य आधी उरकतो. बारीक गाठीला लगेच बायोप्सी लागत नाही. फुफ्फुसातल्या गाठींसाठीच्या २०१७ च्या फ्लाइश्नर मार्गदर्शनानुसार योगायोगाने दिसलेली, ६ मिलिमीटरपेक्षा लहान घन गाठ कमी जोखमीच्या माणसात पुन्हा तपासायचीही गरज नसते.

उरलं ‘निश्चिंत व्हा’, आणि माझ्या मते सगळ्यात घातक वाक्य हेच. हिशेब करून बघू. समजा, संशय दाट असलेले १०० रुग्ण आहेत आणि त्यातल्या ७० जणांना खरोखर कॅन्सर आहे. तपासणी ८० टक्के कॅन्सर पकडते असं धरू. ५६ सापडतील, १४ निसटतील. कॅन्सर नसलेले ३० मिळवले की ‘कॅन्सर दिसला नाही’ असे रिपोर्ट झाले ४४, आणि त्यातले १४ जण कॅन्सरचे. जवळजवळ तिघांत एक. क्षयरोग किंवा बुरशीसारखं ठोस कारण रिपोर्टात सापडलं तर गोष्ट वेगळी. नुसता दाह किंवा ‘नॉर्मल फुफ्फुस’ असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ बहुधा इतकाच की नमुन्यात उत्तर आलं नाही. अशा वेळी पुन्हा बायोप्सी, थेट शस्त्रक्रिया की काही आठवड्यांनी सीटी, हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्यावं आणि तारीख लिहून घेऊनच बाहेर पडावं.