उसासे कोणी टाकले?

‘एक वाचक’ यांस,

अमेरिकेतल्या बायव्हॅल्व्ह गावातल्या, कालवांचा माल चढवण्याच्या नदीकाठच्या जुन्या शेडवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात, आभार. फोटो जरा जास्तच झाले हे तुमचं म्हणणं मान्य, काही काढून टाकलेत.

पण ‘परदेशात बसून पडक्या गोदामांवर उसासे टाकायला काय जातं?’ हे काय आहे? ही टीका झाली की शेजारच्या अंगणात ढकललेला केर? मुद्दा असेल तर नीट मांडा ना. मी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. मॉरिस नदीवरचं बायव्हॅल्व्हही न्यू जर्सीतच आहे. परदेश असेल तर तो तुम्हाला.

आणि उसासा नेमका कुठल्या वाक्यात ऐकू आला? 1904 मध्ये रेल्वे कंपनीने नदीत खांब रोवून त्या शेडची रांग उभी केली, कारण एका अंगाला कालवांच्या होड्या लागायच्या आणि दुसऱ्या अंगाला रेल्वेचे डबे भरायचे. माल कवचासकट जायचा. 1957 मध्ये डेलावेअरच्या उपसागरात एमएसएक्स हा कालवांना मारणारा रोग आला, दोनेक वर्षांत तिथली पेरलेली कालवं 90 टक्क्यांहून जास्त मेली आणि शेडचं काम आटलं. यात हळवं काय आहे? साधा हिशेब आहे.

शिवाय कालवांबद्दल मला तरी शिकवू नका. माझी आई देवगडच्या खाडीत ओहोटीला खडकावरची कालवं फोडायची. तिचे हात सोलवटलेले असायचे आणि बाजारात वाटे लावायला मी जायचो. तुम्ही आयुष्यात एक तरी कालव फोडलंय का, साहेब? नसेल, तर ‘समुद्राशी संबंध नसलेला लेखक’ वगैरे शब्द जपून वापरलेले बरे.

राहिले बायव्हॅल्व्हशेजारच्या शेलपाइल वस्तीतले कृष्णवर्णीय कामगार, ज्यांच्यावर मी ‘एक ओळही लिहिली नाही’. कालवं सोलायचं काम तिथे 1920 च्या दशकात आलं, त्यासाठी चेसापीक उपसागराकडून माणसं आली. माझा लेख 1904 च्या शेडवर होता. सगळं एकाच लेखात कोंबायचं का? त्यांच्यावर कधी लिहायचं ते माझं मी बघेन.

‘पाडून टाकली असती तर काय बिघडलं असतं?’ हा प्रश्न चुकीच्या पत्त्यावर आलाय. 1996 मध्ये ज्यांनी त्या शेड अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा नोंदवहीत घेतल्या, त्यांना विचारा.