चालू फ्रिज बदलायचाय? मग घर बदला

मराठी मध्यमवर्गीय घरात चालू वस्तू टाकत नाहीत. फ्रिजच्या दाराला सुतळी बांधलेली असू दे, वरच्या कप्प्यात इतका बर्फ साचू दे की बर्फाचा ट्रे उलथन्यानं उचकटावा लागतोय, रात्री अडीचला तो असा थरथरून बंद पडू दे की अख्खं घर जागं होतंय. "अजून चांगला चाललाय की," असं आई म्हणाली की विषय संपला. तुमचा पगार, बिनव्याजी हप्ते, दसऱ्याची सवलत, सगळं त्यापुढे फिकं.

अशा वेळी सनदशीर मार्ग एकच उरतो. घर बदला. सामान हलवताना वस्तू गेली तर तो अपघात ठरतो. दोष खड्ड्यांचा, टेम्पोवाल्याचा, फार तर अमावास्येचा. तुमच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. सुंठीवाचून खोकला जातो आणि वर चार लोक हळहळतात.

मी नुकताच डोंबिवलीहून पुण्याला, वाकडला बिऱ्हाड हलवलं. आमचा फ्रिज सतरा वर्षांचा. तेव्हा पुढे जे सांगतोय ते अनुभवाचे बोल समजा.

सुरुवात टीव्हीच्या खोक्यापासून करा. टीव्ही ज्यातून आला तो मूळ खोका, आतल्या थर्माकोलच्या साच्यासकट, तुम्ही माळ्यावर ठेवलेला असेलच. दर दिवाळीला उतरवला असेल, पुसला असेल, पालीची अंडी झटकून पुन्हा चढवला असेल. तुमच्या टीव्हीच्या मापाची तेवढी एकच गोष्ट जगात आहे. तो खोका सामान निघायच्या बरोबर आठ दिवस आधी रद्दीवाल्याला द्या. मग टीव्ही गोधडीत गुंडाळा आणि गाडीत आडवा घाला. उभा नेला तर भार कडेच्या चौकटीवर जातो आणि पडदा सुखरूप पोहोचतो. आडवा घातला की प्रत्येक खड्ड्याला तो मधोमध लवतो. वर स्टीलच्या डब्यांचं एक पोतं ठेवा. कोणी हटकलंच तर म्हणायचं, "गोधडी आहे ना खाली, काही होत नाही."

हे "काही होत नाही" पाठ करून ठेवा. पुढे सारखं लागणार आहे.

कपडे धुण्याचं मशीन पुढून दार उघडणारं असेल तर तुमचं नशीब थोर. त्याचा ड्रम आत स्प्रिंगांवर लटकलेला असतो, खालून शॉक-अब्सॉर्बरनं धरलेला, आणि कपडे पिळताना मशीन जागेवर राहावं म्हणून आत बहुधा काँक्रीटचा ठोकळा बसवलेला. होय, काँक्रीटच. म्हणून तर ते साठ-सत्तर किलो भरतं आणि हमाल जिन्यात देवाचं नाव घेतो. कारखान्यातून निघताना हा ड्रम मागच्या बाजूनं लांब बोल्ट घालून जखडलेला असतो. मशीन जोडायला आलेल्या मुलानं ते काढून तुमच्या हातात दिले होते. "जपून ठेवा सर, शिफ्टिंगला लागतील," असंही म्हणाला होता. आठवतंय? आमच्या चारांतला एक खिडकीच्या मोडक्या कडीत अडकवलेला सापडला. दुसरा मुलाच्या शाळेतल्या रोबोटचा हात झाला होता. उरलेले दोन भंगारवाल्यानं तराजूत टाकले तेव्हा काटा जरा हलला, त्याचे पाच रुपये वाढवून मिळाले.

तेव्हा बोल्ट शोधण्यात वेळ घालवू नका. मशीन तसंच गाडीत चढवा. खंडाळ्याच्या घाटात आतला ड्रम देवळातल्या घंटेसारखा हिंदकळला पाहिजे. खाली पुढच्या बाजूला एक छोटं झाकण असतं, त्यामागे गाळणी असते आणि तिथं तांब्याभर पाणी साचलेलं असतं. ते झाकणही उघडू नका. ते पाणी वाटेत शेजारच्या खोक्यातल्या पुस्तकांसाठी राखून ठेवा. (आम्ही नव्या घरी पोहोचल्यावर उघडलं. आत एक रुपयाची तीन नाणी, एक हेअरपिन आणि मुलाचा शाळेचा बिल्ला निघाला. हा बिल्ला हरवल्याबद्दल त्यानं दोन वर्षांपूर्वी मार खाल्ला होता.)

एसीचं काम सगळ्यात सोपं, कारण ते दुसऱ्यावर सोपवायचं असतं. जाणता मेकॅनिक एसी काढण्याआधी मशीन चालू ठेवतो, बाहेरच्या युनिटचा बारीक नळीचा वॉल्व्ह बंद करतो, सगळा गॅस त्या युनिटमध्ये गोळा झाला की जाड नळीचा बंद करतो आणि मगच नट सोडवतो. त्याला थोडा वेळ जातो. तुम्ही असा मेकॅनिक बघा जो थेट पाना लावतो. फुस्स आवाज आला की तो म्हणेल, "शिफ्टिंगनंतर गॅस भरावाच लागतो साहेब." तांब्याची नळी तो गुडघ्यावर दाबून वाकवेल. जिथं ती चेपेल तिथं पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला त्याची आठवण येईल.

मिक्सर, मायक्रोवेव्ह वगैरे किरकोळात धरा. मायक्रोवेव्हची काचेची ताटली आतच राहू द्या, ती वाटभर टाळ वाजवत येते. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र आडवी करण्याचा मोह आवरा. तिच्यात गंधकाचं आम्ल असतं आणि आपल्याला फ्रिज मारायचाय, हमाल नाही.

आता वायरी. सगळ्या वायरी, अडॅप्टर, रिमोट साडीच्या दुकानाच्या एकाच जाड पिशवीत कोंबा. काढण्यापूर्वी मोबाइलवर एक फोटो घेणं, अडॅप्टरला चिकटपट्टी लावून पेनानं "राउटर" लिहिणं, ह्याला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. नव्या घरी पिशवी पालथी केली की दिवाळीच्या माळेत गुरफटलेले पाच अडॅप्टर निघतात, सगळे काळे, सगळ्यांची पिन गोल. पिन आत गेली की तो त्याचाच, हा आपला न्याय. मी 9 व्होल्टच्या राउटरला 12 व्होल्टचा अडॅप्टर लावला. तो चार दिवे लावून हसला आणि गेला. "काही होत नाही," असं मीच म्हणालो होतो.

विमा उतरवला असेल तर निर्धास्त राहा. त्यातली बारीक अक्षरं सामान पोहोचल्यावर वाचायची असतात. वस्तूवर बाहेरून पोचा किंवा ओरखडा नसेल तर आतला बिघाड बहुधा विम्यात बसत नाही. मालकानं स्वतः भरलेल्या खोक्यांनाही पुष्कळदा हात वर केलेले असतात. हे सगळं मला सामान आणणाऱ्या कंपनीच्या माणसानं फोनवर फार प्रेमानं समजावलं. तेव्हा मी दोन वर्षांच्या टीव्हीसमोर उभा होतो. पडद्याच्या मध्यावर जांभळी शाई सांडल्यासारखा डाग होता, त्यावरून एक उभी रेघ, आणि कडेला अर्धी निवेदिका. घरातली ती एकच वस्तू मला हवी होती.

असो. फ्रिजकडे वळू, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

फ्रिज मारायची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू देऊ नका. मागे, कॉम्प्रेसरवर, वितळलेलं पाणी साठण्याचा एक पसरट ट्रे असतो, तो आजवर तुमच्या घरातल्या कुणीही पाहिलेला नाही, आताही पाहू नका. काचेचे कप्पे काढू नका. दारात लोणच्याची बरणी राहू द्या, आत इडलीचं पीठ. गाडी घाट चढेपर्यंत तेही चढतं. आणि मुख्य म्हणजे फ्रिज आडवा घाला. कॉम्प्रेसरच्या पोटात तेल असतं, आडवा केला की ते नळ्यांमध्ये शिरतं. असा आलेला फ्रिज काही तास, जमलं तर पूर्ण दिवस उभा ठेवून मग सुरू करावा म्हणतात. तुम्ही पोहोचल्या पोहोचल्या प्लग लावा. कारण विचारलं तर दूध नासेल म्हणा.

मी सगळी तयारी केली होती. गाडीत फ्रिजच्या लांबीची जागा मोकळी ठेवली होती. खाली गादीसुद्धा अंथरली, दिसायला बरं म्हणून. दोन हमालांतला वयस्कर होता त्यानं फ्रिजचं दार उघडलं, बरणी काढून आईच्या हातात दिली, मागे वाकून तो ट्रे ओढला आणि गटारात रिकामा केला. मग पट्टा काढून फ्रिज गाडीच्या कडेला उभाच बांधायला लागला.

"आडवा घाला ना, जागा आहे," मी म्हटलं. "काही होत नाही."

"आडवा नाय टाकायचा, दादा. तेल चढतं." गाठ आवळून त्यानं आईकडे पाहिलं. "मावशी, तिकडं गेल्यावर चार तास लावू नका बरं का. लई चांगली मशीन आहे. असली आता येत नाय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. वाकडला रात्री साडेनऊला, घड्याळ बघून, तिनं स्वतः प्लग लावला. फ्रिज खोकला, थरथरला आणि सुरू झाला.

हमालाला मी ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त दिले. आई बघत होती.